निळा नैवेद्य

मंडळी, ऐका! आधी शेवट सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची एसटी गाठायची आहे त्यांनी निवांत उठावं. वाघजळच्या नरसिंहाच्या देवळात, भर उत्सवात, सगळ्या गावासमोर, देवस्थानचे चिटणीस नैवेद्याच्या वाटीत थुंकले!

काय? कोण थुंकलं? कुठे?

छे छे! असं काही झालंच नाही. मी असं बोललोच नाही. पेटीवाले, मी काही बोललो का हो? बघा, पेटीवाले नाही म्हणतायत. पेटीवाल्यांना माझ्याच मोटरसायकलवरून घरी जायचंय, ते नाहीच म्हणणार! पण तुम्हीही विसरा. वाघजळची माणसं सभ्य आहेत, देऊळ स्वच्छ आहे, वाट्या घासलेल्या आहेत. कुणी कशात थुंकलेलं नाही.

मग आपण इथे बसलोय कशाला? एका प्रश्नासाठी बसलोय. प्रश्न असा, की माणसाला संशय येतो. येणारच! पण तपासाला सुरुवात कुठून करावी? दुधापासून? शेजाऱ्यापासून? की स्वतःपासून? 'स्वतःपासून' असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. एक! शाबास. आजोबा, तुम्ही हात वर केलाय की पंखा बंद करायला सांगताय? पंखा. म्हणजे शून्य.

मंडळी, पुराणातला सगळ्यांत मोठा संशयी कोण? हिरण्यकशिपू! पोरगा म्हणतो देव सगळीकडे आहे. बाप म्हणतो, सगळीकडे? या खांबात आहे? आणि घातली लाथ! आता मला सांगा, खांबाने काय केलं होतं? खांब उभा होता! हात जोडून नाही, कंबरेवर ठेवून नाही, नुसता उभा. त्याचा गुन्हा एवढाच, की तो जवळ होता. संशयाचं असंच असतं. जो जवळ उभा असेल त्याला लाथ. आणि खांबातून जे बाहेर आलं ते कुणाकडे गेलं? लाथ घालणाऱ्याकडे! हा खांब लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर या वाघजळात राहायचे वासुदेव पोंक्षे. गाव त्यांना पोंक्षेसर म्हणायचं. आयुष्य गेलं हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत. निवृत्तीला शाळेने शाल दिली, श्रीफळ दिलं. आयोडीनची बाटली मात्र त्यांची त्यांनीच घेतली! आयोडीन म्हणजे तेच हो, जखमेवर लावायचं तपकिरी औषध, लावलं की मुलं छपराला हात लावतात ते. त्याचा दुसरा गुण असा, की ते पिठावर पडलं की निळं होतं. निळं म्हणजे गडद, शाईसारखं. दुधात कुणी पीठ मिसळलं असेल, थेंब टाका, दूध निळं. चोरी उघडी!

आता अशी बाटली मुळातच संशयी माणसाच्या खिशात पडली म्हणजे काय होतं? चहाच्या टपरीवर गेले, दुधात थेंब. लग्नाला गेले, बासुंदीत थेंब. वरमाई म्हणाली, "अहो, हे काय?" हे म्हणाले, "चालू द्या तुमचं." उजव्या हाताचं पहिलं बोट बाटलीच्या तोंडाशी धरून धरून कायमचं तपकिरी झालेलं. आणि तेच बोट दाखवत गावभर फिरायचं! घरच्या कढीवर थेंब टाकला. कढी निळी झाली! सर ओरडले, "इंदिरा! कढीत पीठ आहे!"

इंदिरावहिनी पदराला हात पुसत आल्या. "पीठ लावते म्हणून तिला कढी म्हणतात. नाहीतर ते ताक असतं. जेवताय की पंचनामा करताय?"

सर जेवले. पण कढीकडे बघत बघत जेवले.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, हे पीठ, हे साखर, हे निळं, हे सगळं काय? कीर्तनात हे कशाला? अहो, यातच सगळं कीर्तन आहे! तुमच्या गळ्यातली माळ काढा. नका काढू, नुसती बघा. एक मणी धरा. हा मणी म्हणजे ग्लुकोज. डॉक्टर सलाइनमधून चढवतात ना, तोच. हा एक मणी आणि त्याच्या चुलतभावाचा एक मणी, दोघांना गाठ मारली की झाली आपली चहातली साखर. तोच मणी दुसऱ्या चुलतभावाशी बांधला की झाली दुधातली साखर. आणि नुसते ग्लुकोजचेच मणी एकामागोमाग एक, शेकड्यांनी, हजारांनी ओवत गेलात, की माळ लांबते, लांबली की गुंडाळते, स्प्रिंगसारखे वेढे घेते. ते म्हणजे पीठ! भात, भाकरी, बटाटा, साबुदाणा, सगळं तेच. आयोडीन त्या वेढ्यात शिरून बसतं, म्हणून निळं दिसतं. दोन मण्यांच्या साखरेला वेढाच नाही. बसणार कुठे?

थांबा, गंमत पुढे आहे! तेच मणी, तीच माळ, पण ओवताना एक मणी सुलटा, एक उलटा, एक सुलटा, एक उलटा असा ओवला तर? माळ सरळ राहते. वेढाच पडत नाही. तिचा होतो कापूस! तिचं होतं गवत, लाकूड, तुमच्या अंगातला सदरा! म्हणजे तुम्ही मघाशी जेवलेला भात आणि नेसलेलं धोतर यांचा मणी एकच! फरक फक्त गाठीचा. भात पचतो, धोतर पचत नाही. मृदंगवाले, तुम्ही प्रयत्न करू नका.

यावर मी दोन ओळी केल्यात. माझ्याच आहेत, म्हणून चाल नाही. पेटीवाले शोधतायत.

*एकचि मणी, एकचि दोरा, गाठीगाठीचा फरक खरा।*
*कुणी जाहला पोटचा घास, कुणी पांघराया कापूस॥*

कापूस! हा शब्द मी उगाच आणलेला नाही. माझ्यावरही थोडा संशय ठेवा.

तर वाघजळच्या नरसिंहाला दर शनिवारी पेढ्यांचा नैवेद्य. आणि तो करायचा मान मुळीक घराण्याचा. सासूच्या सासूपासून चालत आलेला. आता तो मंजुळाक्का मुळीक यांच्याकडे. नवरा गेल्यावर बाईने एकटीने भट्टी चालवली. वेशीजवळ पेढ्यांचं दुकान, दुकानावर पाटी नाही. देवाचा पेढा जिथे होतो तिथे पाटी कशाला? तो मान हीच पाटी! त्या मानावर दुकान, दुकानावर घर.

एका शनिवारी सरांनी दुकानातून पेढा घेतला, घरी नेला, गरम पाण्यात कालवला, थंड केला, टाकला थेंब. पिवळट! निळं नाही. शुद्ध पेढा! मंडळी, शुद्ध माल मिळाला म्हणून ज्याचा चेहरा पडतो असा माणूस पाहिलाय? सर खुर्चीत बसून राहिले. इंदिरावहिनींनी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "काही नाही. शुद्ध आहे." आवाज असा, जणू कोणी गेलं!

संध्याकाळी देवळातून प्रसाद आला. नैवेद्याचा पेढा. त्याच बाईचा, त्याच दिवशीचा. सवयीने थेंब टाकला.

निळा! कढीपेक्षा थोडा कमी, पण निळा!

सर उभे राहिले. पुढच्या शनिवारी पुन्हा. दुकानातला पिवळट, देवाचा निळा! त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. विचार करा, काय निष्कर्ष काढला असेल? जगात गिऱ्हाइकाला फसवणारे पुष्कळ. पण ही बाई गिऱ्हाइकाला चोख देते आणि देवाला फसवते! का? कारण देव तक्रार करत नाही! केवढा खोल कट! सरांना त्या रात्री झोप लागली नाही. आनंदाने.

सभामंडपात सगळे जमलेले असताना सरांनी दोन वाट्या मांडल्या. थेंब, थेंब. एक पिवळी, एक निळी. तपकिरी बोट उचललं आणि रोखलं. "मंजुळाबाई देवाच्या पेढ्यात पीठ घालतात!"

मंजुळाक्का तिथेच होती, देवापुढचा ताट-तांब्या घासत. उठली. "आवं सर, काय बोलताय? देवाच्या दारात म्या पीठ कालवीन व्हय?"

"वाटी बोलते आहे, मी नाही."

"मग वाटीलाच इचारा, कुणी घातलं ते. माझ्या हातनं न्हाई पडलं."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मग काय देवानं घातलं?" लोक हसले. मंडळी, त्या हसण्यातच दुकान बसलं. देवाला फसवणारी आपल्याला सोडेल का? दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइक तुटलं. खवा आंबायला लागला. ज्यांच्या बारशाचे पेढे तिने केले ती माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली. आणि देवस्थानने ठरवलं, येत्या नरसिंह जयंतीचा नैवेद्य तालुक्याच्या मिठाईवाल्याकडून आणायचा.

त्यावर अक्का थेट सरांच्या दारात गेली. आत नाही गेली. पायरीशी उभी राहिली.

"सर, जयंतीचा पेढा देवळाच्या आवारात करते. समद्यांम्होरं. दूध तुमच्या गाईचं, साखर तुमच्या डब्यातली, कढई, उलथनं, चूल, जे हाय ते तुमचं. माझे फकस्त हात. निळा झाला तर मान सोडते, दुकान मोडते. आन् न्हाई झाला तर..."

"तर?"

"तर तुमी सांगा."

सरांनी खिशातली बाटली चाचपली. पण मंडळी, आतून इंदिरावहिनींचा आवाज आला, "साखर मी देते हो अक्का! आणि मुंग्या झटकून देते!"

जयंतीचा दिवस उजाडला. वैशाखाचं ऊन, आवारात मांडव, चूल पेटलेली. गावाचं गाव लोटलं! देवाला कमी, चुलीकडे जास्त. सर खुर्ची टाकून चुलीसमोर. डोळ्याची पापणी लवत नाही. दुधात थेंब टाकला, नाही. साखरेत टाकला, नाही. कढई विसळली, त्या पाण्यात टाकला, नाही. मग सर म्हणाले, "हात पुढे करा."

अक्काने दोन्ही तळवे पुढे केले. सरांनी तळव्यांवर थेंब टाकले! तपकिरी ते तपकिरीच राहिले.

अक्का म्हणाली, "आता कपाळावर बी टाका एक. नशिबात पीठ हाय का, ते तरी कळंल."

या वेळी कुणी हसलं नाही.

दूध उकळलं. आता ऐका हं, इथे एक रीत आहे. वाघजळच्या नरसिंहाचं दूध गाळायचं ते कोऱ्या फडक्यातून. कोरं म्हणजे न धुतलेलं! देवाला धुतलेलं चालत नाही. धुतलं म्हणजे वापरलं, वापरलं म्हणजे उतरलेलं. दर वेळी नवं कापड फाडायचं, दूध गाळायचं, तेच नैवेद्यावर झाकायचं. हे कापड देवस्थान देतं. आणि देवस्थानच्या वतीने ते दुकानातून कोण निवडून आणतं? चिटणीस! पोंक्षेसर! दुकानात एकेका ताग्याला बोटाने टिचकी मारून, सगळ्यांत कडक आवाज येईल तो तागा घ्यायचा. जितका कडक तितका कोरा! या जयंतीला त्यांनी आणलेलं मांजरपाट असं होतं, की जमिनीवर उभं केलं तर उभं राहिलं असतं आणि आरतीला टाळ्या वाजवल्या असत्या.

दुकानातल्या रोजच्या पेढ्याला अक्का काय वापरायची? जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं फडकं. आता काही जणींनी मान हलवली. बायकांच्या बाजूने हलली. पुरुष अजून वरच्या पताका बघतायत. राहू द्या. नवीन कापड आणल्यावर आधी पाण्यात का भिजत घालतात, हे ज्यांच्या हाताखाली बालदी आहे त्यांनाच ठाऊक. पण त्या गावात देवाच्या कापडाला नैवेद्य करणारी सोडून इतर बायकांनी हात लावायचा नाही, अशीही रीत होती. त्यामुळे विचारलंच नाही कुणी त्यांना.

नाना गुरवांनी गाभाऱ्यातून कोरं फडकं आणलं. नाना म्हणजे देवाचे पुजारी. सोवळ्यात इतके कडक, की सावली पडली तरी सावलीला आंघोळ घालतील! अक्का म्हणाली, "सर, तुमीच धरा पातेल्यावर. मागनं म्हणायला नगं."

सरांनी चारही टोकं धरली. अक्काने उकळतं दूध ओतलं. फडक्यातून खाली गेलं. सरांनी वाटीभर दूध घेतलं, देवळाच्या खांबाशी गेले, वाटी गार पाण्याच्या परातीत ठेवली. गरम असताना निळा रंग दिसत नाही, हे त्यांना पाठ. वाट बघितली. दूध निवलं. टाकला थेंब.

निळं झालं!

सर वळणार. तोंडात शब्द तयार. "सापडली!" आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष डाव्या हाताकडे गेलं. ओलं फडकं अजून हातात होतं. आणि फडक्याच्या कोपऱ्यावर, जिथे त्यांचं तपकिरी बोट टेकलं होतं तिथे, ठसा उमटला होता. बोटाचा. निळा. रेघारेघांसकट, स्वच्छ, जणू कचेरीत अंगठा घेतलाय.

मंडळी, कापूस निळा होत नाही! सरळ माळ, वेढा नाही, आठवतंय ना? मग कापडावर निळं काय? खळ! गिरणीत सुताला खळ लावतात, पिठाची, कापड ताठ राहावं म्हणून. जितकं कोरं तितकी खळ! दूध उकळतं, खळ सुटते, दुधात उतरते. देवाच्या दुधात दर शनिवारी पीठ घालत होतं ते देवाचं फडकं. आणि फडकं कुणाचं? टिचकी मारून निवडलेलं कुणी?

मागे गाव उभं. "सर, काय झालं? सांगा की!" खांबाच्या आड एकटे पोंक्षेसर, एका हातात निळी वाटी, दुसऱ्या हातात स्वतःच्याच बोटाचा ठसा.

मनात विचार आला, सांगून टाकू? मग गाव म्हणेल, चिटणिसाने इतके दिवस देवाला पीठ खाऊ घातलं. सांगू नको? मग बाई बुडाली. नको, बाईला बुडवायचं नाही, एवढा माणूस वाईट नव्हता. पण स्वतःही बुडायचं नव्हतं! मग तिसरी वाट? मंडळी, शिकलेल्या माणसाला तिसरी वाट फार लवकर सुचते.

प्रयोगशाळेत आयुष्य गेलेलं. त्यांना ठाऊक होतं, पिठाची माळ तोडणारं औषध प्रत्येकाच्या तोंडात असतं. थुंकी! थुंकीत एक एन्झाइम असतं, ते वेढ्यातल्या गाठी सोडवतं, पीठ मोडून मोडून साखर करतं. वेढा मोडला की निळा रंग बसणार कुठे? उठून जातो.

सर खांबाच्या आणखी आड सरकले. इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं.

आता मी मघाशी जे बोललोच नव्हतो, ते झालं.

"सर, किती वेळ?"

"मंत्र म्हणतोय," सर म्हणाले. काय करतील? बोटाने दूध ढवळत होते. निळं फिकं झालं. मग राखाडी झालं. मग गेलं. वाटीत पिवळट दूध. सरांनी फडक्याची मूठ केली, वाटी उंच धरली, बाहेर आले.

"शुद्ध!"

काय तो जल्लोष! टाळ्या, शिट्ट्या, कुणी ताशा आणला! ज्यांनी रस्ता ओलांडला होता तेच सगळ्यांत पुढे. "अक्का, आम्ही म्हणतच होतो!" सगळे म्हणतच होते! मग ऐकू कुणाला येत नव्हतं?

सगळे नाचले. अक्का हलली नाही. चुलीजवळ उभी राहून ती सरांच्या मुठीकडे बघत होती.

"सर, मागल्या येळंला निळं, आन् आज पांढरं. का?"

"अहो, सुटलात ना तुम्ही!"

"सुटले. पर का सुटले? मागल्या वक्ताला बी म्याच केलं व्हतं, असंच केलं व्हतं. आज सुटले, फुडल्या शनवारी परत अडकले, मग? तुमच्या मंत्रावर माझं दुकान चालायचं व्हय?"

"मंजुळाबाई, आता कशाला उकरून..."

"बरं. नगा सांगू. मग माझं एक करा. ज्या वाटीनं आज मला गावाम्होरं सोडवलं, ती वाटी देवाम्होरं ठिवा. त्यानं खायाला नगं, औषध हाय त्यात. त्यानं बघू दे नुसतं."

गाव म्हणालं, बरोबर आहे! अक्काचा मान आहे! नाना गुरव पुढे झाले. सोवळ्यातला ओला हात पुढे केला, सरांच्या हातातून वाटी घेतली आणि गाभाऱ्याकडे निघाले.

मंडळी, आता बघा. पोंक्षेसर खोटं बोलू शकत होते, बोलले होते. बाई बुडायची वेळ आली तेव्हा त्यांची जीभ खांबाआड राहिली. पण लहानपणापासून ज्याने आंघोळ केल्याशिवाय देवाचं फूल तोडलं नाही, त्या माणसाची उष्टी वाटी देवापुढे चाललीय! नाना उंबऱ्याशी पोचले. एक पाय आत.

"नाना, थांबा! ती उष्टी आहे!"

ताशा थांबला. नाना एका पायावर थांबले. "उष्टी? कुणी प्यायलं?"

"प्यायलं नाही. मी... मी थुंकलोय तिच्यात."

नानांनी वाटी टाकली नाही. टाकली असती तर उंबरा विटाळला असता. धरली असती तर नाना विटाळले असते. नाना तसेच एका पायावर उभे, डोळे मिटून. कुणीतरी येऊन वाटी घेईपर्यंत त्यांनी जन्माचा सगळा जप संपवला.

सरांनी मूठ उघडली. ओलं फडकं पसरलं. कोपऱ्यात निळं बोट. खळ, कापड, टिचकी, तागा, सगळं सांगितलं. हळू आवाजात, पण सांगितलं. इंदिरावहिनी बायकांच्या घोळक्यातून म्हणाल्या, "नवीन कापड भिजत घालायचं असतं, एवढं मला विचारलं असतंत तर..." नवऱ्याकडे बघवेना त्यांना.

अक्का जवळ आली. फडकं हातात घेतलं, तो ठसा बघितला.

"म्हंजी सर, पीठ तुमचंच व्हतं?"

"हो."

"आज दूध तुमचं, साखर तुमची, कढई तुमची?"

"हो."

"थुंकी बी तुमचीच?"

"...हो."

"मग माझं काय व्हतं ह्यात?"

याचं उत्तर? अक्कानेच दिलं. "माझं फकस्त नाव व्हतं. तेवढंच निळं झालं."

तिने पदराच्या गाठीतून आपलं जुनं फडकं काढलं. विटलेलं, मऊ, हजारदा धुतलेलं. नवं दूध तापवलं, त्यातून गाळलं. कुणी अडवलं नाही. नानांनीही नाही, नाना आंघोळीला गेले होते. पेढे झाले, देवाला गेले. सरांनी बाटली काढली नाही. प्रसाद घ्यायला रांगेत सगळ्यांत शेवटी उभे राहिले. अक्काने त्यांच्या हातावर पेढा ठेवला. ठेवताना म्हणाली, "टाका थेंब. टाका की!" सरांनी पेढा तसाच तोंडात टाकला आणि डोळे पुसले.

देवस्थानने नंतर ठराव केला. देवाचं फडकं यापुढे धुऊन घ्यावं, मात्र धुतल्याचं देवाला कळवू नये. धुण्याचं काम चिटणिसांकडे. आजही शनिवारी पोंक्षेसर ओढ्यावर फडकं पिळत असतात, आणि वरच्या दरडीवर दोघं-तिघं बसून बघत असतात. नीट धुतो का? संशय, दुसरं काय!

आता तुमच्याकडे येतो, मंडळी. हसलात ना? घरी गेल्यावर एक करा. कोरडी भाकरी घ्या, कालवण नको, चटणी नको. एक घास तोंडात घ्या आणि चावत राहा. गिळू नका. चावत राहा. हळूहळू गोड लागेल! साखर कुणी घातली? कुणी नाही! तुमच्याच थुंकीने माळ तोडली, पिठाची साखर केली. देवाने प्रत्येकाच्या तोंडात पीठ गोड करायची सोय करून ठेवलीय. गरिबाच्या, श्रीमंताच्या, चिटणिसाच्या, सगळ्यांच्या! आणि त्याच तोंडाने आपण काय करतो? खांबाआड जातो आणि दुसऱ्याच्या वाटीत थुंकतो. मग बाहेर येऊन म्हणतो, शुद्ध!

मघाशी ज्या गावकऱ्यांनी रस्ता ओलांडला, ते वाघजळचे होते असं मी म्हटलं. म्हणायचं म्हणून म्हटलं. तुमच्या गल्लीत गेल्या महिन्यात कुणाच्या दुकानासमोरून तुम्ही पलीकडे गेलात, ते मी विचारत नाही. तिसऱ्या रांगेतले काका एकदम चष्मा पुसायला लागलेत, त्यांनाही विचारत नाही.

फक्त एक अर्ज वाचतो आणि बसतो. ऐका.

मा. अध्यक्ष व विश्वस्त मंडळ यांस, सविनय सादर. विषय: देवालयात प्रवेश करणाऱ्या भाविकांच्या उजव्या हाताचे पहिले बोट ठेवण्याची व्यवस्था करणेबाबत. महोदय, आपल्या देवालयात चपला ठेवण्यासाठी मांडणी आहे, ही समाधानाची बाब आहे. तथापि भाविक चपला बाहेर काढून दुसऱ्यावर रोखायचे बोट मात्र आत घेऊन येतात, त्यामुळे सभामंडपात उभ्या असलेल्यांना इजा पोहोचते. सबब विनंती की, चपलांच्या मांडणीशेजारी बोटांसाठी खुंट्या बसवून भाविकांस पितळी बिल्ला देण्यात यावा. बिल्ला हरवल्यास बोट परत मिळणार नाही, अशी ठळक सूचना लावण्यात यावी. सदर व्यवस्था विश्वस्तांपासून सुरू व्हावी. अर्जदारास वयोमानामुळे वारंवार बाहेर येणे शक्य नसल्याने निर्णय जागेवर कळवावा, ही नम्र विनंती. अर्जदाराचा पत्ता: सभामंडप, डावीकडून दुसरा खांब, आत.